दोन दुपटी

प्रिय सूनबाई,

पार्सल उघडायच्या आधी हे पत्र वाच. खोक्यावरून जंतुनाशकाचं फडकं मी फिरवलेलं आहे. तू पुन्हा फिरवशील हेही मला ठाऊक आहे, खुशाल फिरव. घरात फोन असताना आईला पत्र लिहायचं खूळ कुठून आलं, असं तुझा नवरा विचारेल. त्याला सांग, फोनवर मी बोलायला लागले की तू मध्येच 'बरं, बरं' करतोस आणि मी पुढचं विसरते. कागद बिचारा मुकाट ऐकून घेतो.

तुझी रजा पुढच्या महिन्यात संपतेय, आणि बाळाला घरी बाई ठेवून सांभाळायचं की माझ्या पाळणाघरात आणायचं यावर तुमच्याकडे खल चाललाय, हे त्याच्याच तोंडून निसटलं. तुला धड झोप नाही म्हणाला. पण त्या विषयावर मी अवाक्षर काढणार नाही, असं ठरवूनच लिहायला बसलेय. इथली हालहवाल तेवढी कळवते, बरी तशी वाईटही.

साथीमुळे बंद पडलेलं पाळणाघर उघडायची परवानगी आली, तेव्हा तू फोनवर केवढ्या सूचना दिल्या होत्यास, आठवतंय? तेव्हा तू पोटुशी होतीस, धाप लागत होती तरी थांबत नव्हतीस. खिडक्या सताड उघड्या ठेवा. मुलांचे दोन गट करा, दोन खोल्या, प्रत्येकीला आपली मावशी, आणि एकीने दुसऱ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आईवडिलांनी दारातूनच परत फिरायचं. कुणाला साधी सर्दी झाली तरी घरी, मग ते मूल असो की मावशी. खरं सांगू, मला राग आला होता. मुलं सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, आणि ही कालची पोरगी मला खिडकी उघडायला शिकवतेय! पण माझा राग म्हणजे चहाला उकळी येईपर्यंतचा. कप हातात आला तेव्हा मनात म्हटलं, ही प्रयोगशाळेत रोज जंतूंच्याच संगतीत असते, तिला नाही कळणार तर कुणाला? मग जे काही सांगितलंस ते सगळं केलं.

आता दारात पुढच्या खोलीच्या उंच मावशी उभ्या असतात, हातात ते ताप मोजायचं पिस्तूल घेऊन. पहिल्या आठवड्यात मुलं घाबरून आईच्या पायात शिरायची. आता त्यांना वाटतं की हे मार्क आहेत. आकडा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. परवा एकाला शेजारच्यापेक्षा एक मार्क कमी पडला म्हणून तो भोकाड पसरून बसला. कमी असलेलं चांगलं, हे त्याला समजावताना मावशींच्या नाकी नऊ आले. हात धुण्याचा कारभार तर आमच्या फौजदारीणबाईंकडेच आहे. वय साडेतीन, आवाज तिप्पट. बोटांच्या बेचक्यात फेस दिसला नाही तर ती मलाही नळावरून हलू देत नाही.

लोकरीची अस्वलं आणि ससे रोज धुणं काही जमेना, म्हणून ते सगळे मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवलेत. मुलं रोज सकाळी त्यांना खालून हात हलवून विचारतात, बरं आहे ना? लाकडी ठोकळे आणि प्लॅस्टिकच्या गाड्या मात्र दोन टोपल्यांत विभागल्यात. एक टोपली खेळात, एक धुऊन उन्हात. सगळं इतकं शिस्तीत चाललंय की तू आलीस तर तुला आपली प्रयोगशाळाच वाटेल, फक्त इथे नमुने पळतात.

मास्कचं मात्र सोपं नव्हतं. अगदी लहान बाळं आम्हाला ओळखेनात. निम्मा चेहरा झाकलेली बाई उचलून घ्यायला आली की ती कळवळून रडायची. यावरचा उपाय मला कुठे सुचला ते सांगते. बाळ झाल्यावर तू मला म्हणाली होतीस, आई, तुम्ही दिवसभर इतक्या मुलांत असता, थोडे महिने लांबूनच बघा. त्याप्रमाणे मी दर रविवारी तुमच्या इमारतीखाली येऊन उभी राहते आणि तू त्याला खिडकीत धरतेस. एका रविवारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी मास्क काढला. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मग मी त्याच्या देखत मास्क पुन्हा चढवला, तरी तो बघतच राहिला, रडला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघीही, मी आणि दोन्ही मावश्या, सकाळी आळीपाळीने अंगणात, खिडकीच्या काचेबाहेर उभ्या राहतो. आधी चेहरा दाखवायचा, हसायचं, जीभ काढून वेडावायचं, मग त्यांच्यासमोरच मास्क लावायचा आणि आत यायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्हाला वेड लागलंय असं वाटत असणार. पण रडणं बरंचसं थांबलं.

तू लांबूनच बघा म्हणालीस, त्याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? घरी येऊन चिक्कार रडले. पण तुझ्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित इतक्या गोड शब्दांत नसतं म्हटलं.

आता वाईट बातमी. हे तुला अजून माहीत नाही. गेल्या महिन्यात मागच्या खोलीतल्या एका मुलीला दुपारी ताप चढला. तिला दाराजवळच्या वेगळ्या खोलीत नेलं, आईला बोलावलं, आणि तपासणीचा निकाल यायची वाट न बघता मी सगळ्या पालकांना फोन केले. त्या खोलीच्या हसऱ्या मावशी म्हणत होत्या, निकाल तर येऊ द्या, उगाच लोक घाबरतील आणि मुलं काढून घेतील. मी म्हटलं, घाबरू देत, त्यांना कळलं पाहिजे. निकाल वाईटच आला. त्याच खोलीतला आणखी एक मुलगा आणि स्वतः हसऱ्या मावशी आजारी पडल्या. मागची खोली बंद ठेवली. रोज तिन्ही घरी फोन करून ताप किती ते विचारत राहिले. पण पुढच्या खोलीत कुणालाही काही झालं नाही, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळलीच नव्हती. ती दोन्ही मुलं आता दंगा करताहेत, हसऱ्या मावशी पुन्हा हसताहेत, आणि एकाही आईने मूल काढून घेतलं नाही. हे मी तुला कळवलं नसतं तरी कुणी कळवणार नव्हतं. पण तू ठरवताना तुला सगळं माहीत असलेलं बरं. बघ, अवाक्षर काढायचं नाही म्हणता म्हणता काढलंच.

आणि आता माझी फजिती ऐक. पाळणाघर उघडलं त्या दिवशी प्रत्येक मुलाबरोबर घरून त्याचं झोपायचं दुपटं आलं होतं. कुणाचं फाटकं, कुणाचं कोपरा चघळून चघळून काळं पडलेलं. माझ्या अंगात स्वच्छता संचारली होती. मी ती सगळी गोळा केली, मोठ्या पातेल्यात जंतुनाशक घालून उकळली, कडक उन्हात वाळवली, इस्त्री करून ज्याच्या त्याच्या गादीवर घडी ठेवली. स्वतःवरच खूश होते. दुपारी मुलांना आडवं केलं आणि काय रड सुरू झाली म्हणून सांगू! एक थांबलं की दुसरं. आम्ही तिघी आपापल्या खोलीत थोपटून थोपटून थकलो. शेवटी फौजदारीणबाई उठल्या, आपलं दुपटं नाकाशी नेलं, दोनदा हुंगलं आणि माझ्या हातात आणून दिलं. हे माझं नाही, म्हणाली. तिच्या आईने शिवलेलं, तिच्या नावाचं अक्षर काढलेलं दुपटं होतं ते. मी तिच्यासारखंच नाकाशी नेलं. औषधाच्या बाटलीसारखा वास. आई त्यातून पार उकळून गेली होती.

त्या संध्याकाळी मी तुलाच फोन केला होता. तू हसली नाहीस. थोडा विचार करून म्हणालीस, दुपटं घरीच धुवायचं, मग आईने नाहीतर बाबाने एक रात्र जवळ घेऊन झोपायचं, आणि त्याच मुलाच्या पिशवीत बंद करून पाठवायचं. ज्यांच्या कुशीत ते मूल रोज झोपतं त्यांचंच ते, त्यात नवीन काय येणार? फक्त दुसऱ्या मुलाचा हात लागू द्यायचा नाही. तेव्हापासून आमच्याकडे खुंट्यांवर पिशव्या लटकतात आणि दुपारी शांतता असते. एका बसचालकाच्या मुलाचं दुपटं इंजिनाच्या तेलाने घमघमतं. तो नाक खुपसतो आणि पापणी लवायच्या आत झोपतो. त्याच्यासारखी झोप मला मिळाली तर मी मुलांच्या आणखी दोन पिढ्या सांभाळेन.

तुला वाटतंय की बाळ दिवसभर परक्या माणसांत राहील, रडेल, तुला शोधेल. पहिले काही दिवस शोधेलच, तुला खोटा धीर देणार नाही. मी त्याची आजी असले तरी त्याच्या लेखी मी खिडकीखालची एक बाई आहे, मास्क काढून-लावून दाखवणारी. मी त्याला अजून एकदाही उचललेलं नाही. त्याचं वजन किती ते मला फक्त तुझ्या फोनवरून माहीत आहे.

म्हणून हे पार्सल. यात दोन दुपटी आहेत, माझ्या जुन्या, वापरून मऊ झालेल्या चादरीची. एक निळ्या काठाचं, एक पांढऱ्या. निळं धुतलं, मग उशाशी घेऊन झोपले. माझी तपासणी करून घेतली, निकाल चांगला आहे, आणि त्यानंतर ते दुपटं पिशवीत बांधून आठवडाभर कपाटात ठेवलं होतं. तुझं समाधान होईतो तूही ठेव, पण मेहेरबानी करून उकळू नकोस. ते बाळाच्या जवळ ठेव. तू बाई ठेवायचं ठरवलंस तरी ठेव, परत पाठवू नकोस, आजीची ओळख तरी होईल. पांढरं नुसतं धुऊन ठेवलंय, त्याला अजून कुणाचाच वास नाही. इकडे यायचं ठरलं, तर आदल्या रात्री ते तू कुशीत घेऊन झोप. पुढच्या खोलीत खिडकीशेजारची खुंटी मी रिकामी ठेवलीय. एखाद्या सकाळी ते पांढरं दुपटं तिथे दिसलं, तर मी तुला काहीही विचारणार नाही. आधी काचेबाहेर उभी राहून त्याला तोंड दाखवीन, मग कोपरापर्यंत हात धुईन आणि त्याला उचलायला आत येईन.

तुझीच,
खिडकीखालची आई