खाटेखालची हवा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आलो एकदाचे! एवढ्या सामानात फुटला तो फक्त आरसा, आणि त्यातही बाबा म्हणाले, बरं झालं, त्यात कोण म्हातारा दिसायचा कुणास ठाऊक. कॉलनीतलं हे शेवटचं घर. दोन खोल्या, मागे मोरी, खिडक्यांना जाड गज. शेजारची दोन घरं कुलूपबंद आहेत, दुरुस्तीला काढलीत म्हणे. बाबांनी आधी शिलाई मशीन खिडकीपाशी लावून घेतली, मग स्वतःची खाट कोपऱ्यात. शिंपीकाम सोडलं म्हणतात, पण हात गप्प बसत नाहीत.

घरात वारा असा खेळतो की छताचा पंखा लावायलाच नको. बाबांच्या दम्याने आमची निम्मी वर्षं खाल्ली, पण आज संध्याकाळपर्यंत त्यांनी श्वासाचा पंप हातातसुद्धा घेतला नाही. मला भरून आलं.

कोळशाच्या खाणीत माझं काम हवेचं. एका तोंडाने ताजी हवा आत जाते, दुसऱ्या तोंडावरचा भलामोठा पंखा ती ओढून बाहेर काढतो. मधल्या प्रत्येक बोगद्यात ती पोचते की नाही, हे मी बघायचं. कामगारांनी पहिल्याच दिवशी माझं नाव हवाबाई ठेवलं. याहून वाईट ठेवता आलं असतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
झाडू मारायची गरज उरली नाही. बाबा कापड कापतात, दोऱ्यांचे तुकडे खाली पडतात आणि हळूहळू आपणहून खाटेखाली जाऊन बसतात. बाबा म्हणाले, घराला वळण आहे, तुला कधी लागणार?

कामावरही एक गंमत. खाणीत जाते त्याहून जास्त हवा बाहेर येते. पुन्हा पुन्हा मोजलं, तेच. पंखेवाले काका हसले. म्हणाले, बाई, कमी पडली तर ओरडा, जास्तीचं कसलं रडगाणं? पण कुठून तरी शिरल्याशिवाय हवा वाढत नाही. खाणीला एखादं तिसरं तोंड असणार. ते शोधल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
बाबांची खाट बाजूला ओढली. भिंतीच्या कडेला फरशी खचली आहे आणि बोटं जातील एवढी फट पडली आहे. दोऱ्याचा तुकडा जवळ नेला, तर कुणी हिसकावून घ्यावा तसा आत गेला. काडी पेटवली. ज्योत आडवी होऊन फटीकडे वाकली आणि विझली.

तिसरं तोंड सापडलं. बाबा त्यावर झोपतात.

फट बुजवू म्हटलं तर चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतोय, तेवढा तरी घेऊ दे म्हणाले. वर म्हणाले, मी श्वास घेतला की खालचाही घेतो, सोबत होते. ते हसत होते. मला हसू आलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
सर्व्हेअरच्या नकाशात कॉलनीखाली कोळशाचे खांब शाबूत आहेत. वरच्या घरांचा तोच आधार, ते कापायचे नसतात. आज खाली जाऊन तो भाग बंद करणाऱ्या भिंतीपर्यंत पोचले. तिथल्या पाळीवर देखरेख करणाऱ्या ओव्हरमनला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला की खांब केव्हाच काढून नेले, त्यानंतर भिंत घातली. मी भिंतीला हात लावला. गरम आहे, आणि तिच्या भेगांतून हवा इकडे येतेय.

आत कोळसा धुमसतोय आणि आमची खोली त्याला वारा घालतेय. त्याचा विषारी वायू घरात येत नाही, तो केवळ पंखा सगळं खाली ओढतोय म्हणून. त्या वायूला ना वास, ना रंग. माणूस झोपतो तो झोपतोच.

मॅनेजरना सांगितलं. बघू म्हणाले. मला भीती वाटतेय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पंख्याचं बेअरिंग तापलंय. रविवारी खाण रिकामी ठेवून पंखा बंद करायचा. कामगार आत असताना तो अचानक थांबला तर अनर्थ, म्हणून मीही हो म्हटलं. भांडून एवढं पदरात पाडलं की त्या दिवशी सगळी कॉलनी शाळेत जाऊन राहील.

बाबांना आजच कॉलनीबाहेरच्या, खाणीच्या विश्रामगृहात हलवलं. दुपारपासून धाप लागलीय. घरी चल, एवढंच म्हणतात.

शनिवार, १५ फेब्रुवारी
छातीत शिट्ट्या. पंप पुरत नाही. डॉक्टर म्हणतात, सोमवारी मोठ्या दवाखान्यात नेऊ.

दुरून पंख्याची घरघर ऐकू येते. बाबांचा श्वास आणि ती— एकाच तालात. मी थकलेय, दुसरं काही नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळ
कॉलनी रिकामी झाली. काकांना बजावलं— मी स्वतः येऊन सही करेपर्यंत पंखा सुरू करायचा नाही, कुणी काहीही सांगो. पंखा थांबला. केवढी शांतता.

विश्रामगृहातून निरोप आला. बाबा खोलीत नाहीत. चपलाही नाहीत.

रविवार, दुपार
बाबा घरीच. खाटेवर झोपलेत. मी आत शिरले आणि पायाखालची जमीन बसली— चौकट वाकली— दार हलत नाही. गजांतून हाका मारल्या. कोण ऐकणार, सगळ्यांना मीच बाहेर काढलंय. फोन कचेरीत.

फटीत चादर कोंबली. भेग आता भिंतीपर्यंत गेलीय. गरम हवा येतेय— वर.

बाबांना ओढून पाहिलं. पेलत नाहीत. हलवलं तर नुसतं हुं म्हणाले.

खिडकीशी तोंड ठेवून बसले तर मी वाचेन. बाबा खाटेवर आहेत.

खाटेपाशी बसलेय. लिहीत राहिले तर झोप लागणार नाही.

दुरुस्ती झाली असेल. काका पंखा सुरू करतील— नाही. माझी सही. भला माणूस, शब्दाबाहेर जाणार नाही— वाट बघत बसला असेल—

डोकं जड—

छातीतली शिट्टी थांबली. बाबा किती स्वस्थ झोपलेत. गालांवर लाली चढलीय, कित्येक वर्षांत अशी पाहिली नव्हती. नव्या कामगारांना हेच तर शिकवतो आम्ही— लाली म्हणजे तो वायू, दिसली की आधी त्या माणसाला उचलून—