दोन वर्षांचा बाँड

अण्णा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो.

मी नववीत होते. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, भाकरी करपली म्हणून तुम्ही चुलीजवळची लोखंडी फुकणी उचलली आणि आईचा उजवा हात मोडला. मनगटाचं हाड वाकडंच जुळलं. तिला पुन्हा भाकरी थापता आली नाही. पीठ मी मळायला लागले. शेजाऱ्यांनी पोलिसांत नेलं, खटला चालला, पण कोर्टानं तुम्हाला तुरुंगात न टाकता दोन वर्षांच्या बाँडवर सोडलं. दारूला शिवायचं नाही. दर गुरुवारी जालन्याच्या दवाखान्यात व्यसनाचा उपचार घेऊन कार्डावर शिक्का आणायचा. साहेबांना, म्हणजे तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्यांना, विचारल्याशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही. अट मोडली की तुरुंग. या अटी तुमच्यापेक्षा मलाच जास्त पाठ होत्या.

पहिले चार महिने तुम्ही शिक्का घेऊन, जुन्या जालन्यात पिऊनच परत यायचात. न विचारता परभणीला आत्याकडच्या लग्नाला गेलात, तेव्हा कोर्टानं ताकीद दिली, आता एक तक्रार आली तरी आत. त्यानंतर मात्र तुम्ही सोडलीत, खरोखर सोडलीत. हात थरथरायचे, घास उतरायचा नाही, पण गुरुवारची एसटी कधी चुकवली नाहीत. आई हरखून गेली होती. "सुधरून राह्यलेत गं," असं म्हणत ती त्याच वाकड्या हातानं तुमच्यापुढं चहा ठेवायची. ते बघून माझ्या अंगाची आग व्हायची. इतक्या स्वस्तात सुटणार होता तुम्ही.

एका शुक्रवारी साहेब घरी येतात. आई पाण्याला गेलेली, तुम्ही ड्यूटीवर. अण्णा कसे आहेत, म्हणून ते विचारतात. मी सांगते, काल पिऊन आले आणि आईच्या अंगावर धावून गेले. ते पुन्हा विचारतात. मी पुन्हा तेच सांगते. आदल्या दिवशी तुम्ही दवाखान्यातून सरळ घरी येऊन, ताक पिऊन झोपला होता.

कोर्टात आई शपथेवर म्हणाली की असं काही झालंच नाही. नवऱ्याच्या धाकानं बोलते, असंच सगळ्यांना वाटलं. मी वाट बघत होते, तुम्ही कधी भडकता, कधी मला खोटारडी म्हणता. न्यायाधीशांनी विचारल्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "पोरगी म्हणती तर बराबरच असंल, साहेब."

नऊ महिने आत काढलेत. नोकरी गेली. परत आल्यावर मरेपर्यंत थेंब घेतला नाहीत, मला एका शब्दानं जाब विचारला नाहीत. मला तुम्हाला शिक्षा झालेली बघायची होती, तुमचं मोठेपण बघायचं नव्हतं. मी दिलेली शिक्षा तुम्ही स्वतःहून घेतल्यासारखी घेतलीत आणि माझ्या हाती काही उरू दिलं नाहीत. तो शुक्रवार पुन्हा आला तर मी पुन्हा तेच सांगेन. तिचा हात काही सरळ झाला नाही.

आई आता माझ्याकडं असते. तिला वाचता येतं, त्यामुळं हा कागद मी फाडणार आहे. मधूनच ती विचारते, "तवा खरंच प्यालते का गं ते?" मी दर वेळी हो म्हणते. काल मात्र हो म्हणताना मला तिच्याकडं बघवलं नाही.