सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत

मंगळवार, संध्याकाळ

आज टाके निघाले. बाळंतपणातल्या सिझेरिअननंतर पाच महिने पोट दुखत होतं. गावातले डॉक्टर म्हणायचे गॅस आहे, नवरा म्हणायचा कामाचा कंटाळा. मलाही वाटायला लागलं होतं, आपणच तर उगं सोंग करून राहिलो न्हाई ना?

शेवटी सासूबाईंनी मला जीपमध्ये बसवून आमच्या गोरेगाव या खेड्यातून हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही गोळ्याच लिहिल्या. सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"साहेब, माजा जलम शेळ्या राखण्यात गेला. मुकं जनावर बी उगं कण्हत न्हाई. पोटाचा फोटो काढा, मग उठते."

फोटोत कापड दिसलं. सिझेरिअनच्या वेळी रक्त टिपायचं, तळहाताएवढं, आतच राहिलेलं. पुन्हा पोट उघडून ते काढलं. एवढंसं कापड, आणि मी स्वतःलाच खोटं ठरवत होते.

आज टाके काढताना नर्सनं विचारलं, "कोणत्या डॉक्टरांनी ओळखलं हो?"

बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं मी म्हटलं, "माझ्या सासूबाईंनी."

शेजारी उभ्या सासूबाई नुसत्या पदर सारखा करत राहिल्या.