बस वळायची जागा

मी, खाली सही करणारी, गिरणीच्या विणखात्यातली निवृत्त कामगार, गिरणीच्या रेल्वे सायडिंगवरच्या फाटकवाल्याची विधवा, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान मात्र मागांच्या खडखडाटात केव्हाच गेले. म्हातारीला ऐकू येत नाही म्हणजे कळतही नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे लक्ष देऊन ऐकावे.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. छप्पर गळते हे त्याला सांगून सांगून माझे तोंड दुखले. आता त्याच्याच डोक्यावर गळेल.

कलम २. घरापुढचे आवार. पूर्वेस गिरणीची पडकी भिंत, पश्चिमेस नाला, उत्तरेस माझे घर, दक्षिणेस रस्ता, जो इथेच संपतो. इथे गिरणीची सायडिंग होती. कापसाच्या गाठी भरलेल्या वाघिणी इथवर यायच्या, कापडाचे तागे घेऊन परत जायच्या, आणि फाटक उघडायचे आमचे हे. गिरणी बंद पडली, रूळ भंगारात गेले, उरलेली जमीन ह्यांनी आपल्या फंडातून माझ्या नावावर घेतली. पुढे हमरस्ताही गावाला वळसा घालून गेला. आता गावात एकच बस येते आणि ती माझ्या आवारात वळते. दुसरीकडे वळायला जागा नाही. इथे कोणी भिंत घातली की बस गावात यायची बंद.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा एका दलालाला घेऊन आला. दोघे आवारात उभे, मी बंद खिडकीच्या काचेआड भाजी निवडत होते. म्हातारी बहिरी, मग काय, दोघे बिनधास्त! पण मागावरच्या आम्ही बायका ओठांनी बोलायचो. त्या आवाजात दुसरा इलाजच नव्हता. मुकादमाच्या नाकासमोर आम्ही अख्खी लग्ने जुळवली आहेत. माझा मुलगा हे साफ विसरला. मी त्याचा शब्द न् शब्द वाचला.

"म्हातारी गेली की भिंत घालू, गोदामाला देऊन टाकू. बस बंद झाली की बायकोची नोकरीपण सुटेल. फार तोंड वर करून बोलायला लागलीय हल्ली."

ज्याला मी पहिला शब्द शिकवला, त्याच्या ओठांवर हे वाचावे लागले. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भांडले असते तर राग सुनेवर निघाला असता, म्हणून गिळून बसले.

कलम ३. म्हणून सबंध आवार माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे, सकाळच्या बसने जाते. लग्न होऊन आली तेव्हाच म्हणाली होती, "आई, तुमची ती बोली मला शिकवा ना. सगळे नुसते ओरडतात तुमच्यावर." मी शिकवली. बसला वळू द्यावे, एवढीच अट. नवऱ्याने गोडीने किंवा डोळे वटारून सही मागितली तरी देऊ नये.

कलम ४. ह्यांचा फाटकावरचा कंदील दिराला. "तो माझा" म्हणून त्याने आयुष्यभर डोके खाल्ले. काच फुटली आहे, ती त्यानेच फोडली. मागावरची माझी कात्री शेजारच्या मागावरच्या जोडीदारणीला. जिला काही द्यायचे तिला साक्षीदार करता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून ती रुसली आहे.

कलम ५. वाचन संपल्यावर जोडीदारणीने सुनेसमोर बसावे आणि माझा निरोप ओठांनी सांगावा, आवाज न करता. रोज सकाळी बस आवारात वळते, सून बसच्या खिडकीत आणि मी घराच्या, तेव्हा मी तिला जे सांगते तेच.

मुला, ही बोली तुलाही शिकवायला बसले होते. तुला लाज वाटायची. अजून शिकावेसे वाटले तर बायकोला विचार. मात्र तिच्यासमोर गप्प बसून तिच्या तोंडाकडे बघावे लागेल.

निरोप एवढाच: "जा, मी आहे."

ठिकाण: आवार, बस वळते तिथे.
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.
सही: (माझी, माझ्याच हातची)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर. २. बसचे ड्रायव्हर, गाडी वळवून उभी करून आलेले.