सगळ्या टाक्यांना एकच फाइल

मॅडम,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज लिहायला बसलेय ते एका घाणेरड्या गोष्टीबद्दल. ती ऐकल्यावर नेमकं काय सडलंय हे कळेल असं माझ्या ओळखीत दुसरं कुणी उरलेलं नाही. घरी सांगितलं तर म्हणतात, "जाऊ दे ना, दुरुस्त झालं ना आता?" दुरुस्त झालंय. पण मला अजून किळस येते.

पॉलिटेक्निकची ती लॅब आठवते. तुम्ही लिनक्स शिकवायला लागलात तेव्हा आम्हा मुलींना वाटलं होतं, हे काय कोरडं! एकदा माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं आणि मी आमच्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता लिहिलेली फाइल सरळ सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकली. लॅबमधल्या सगळ्या मशिनी तोच पत्ता घेऊन उठल्या, एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि नेटवर्कच बंद पडलं. तुम्ही दारात उभ्या आहात, हातात पर्स, पदर खोचलेला. वर्गात तुम्ही अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला की घरची बोली बाहेर यायची. "काऊन गं? हे एका मशीनचं सगळ्यायले काऊन वाटलं? तुह्या घरचा पत्ता साऱ्या गावाच्या दारावर लिहितं का तू?" मग खडू घेऊन तुम्ही फळ्यावर दोन चौकोन काढलेत. सगळ्यांचं जे सारखं आहे ते एका ठिकाणी, सामाईक जागेत, म्हणजे बदललं की सगळीकडे बदलेल. एकाच मशीनचं जे आहे ते त्या मशीनच्याच 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये, त्याला बाहेरच्यानं हात लावायचा नाही. प्रोग्रामनं आधी सामाईक फाइल वाचायची, मग स्वतःची, आणि दोघींत वाद झाला तर स्वतःचीच खरी मानायची. एवढंच.

मी इकडे मेहकर तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेवर आहे, देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीत. प्रत्येक गावच्या टाकीखाली पत्र्याच्या पेटीत एक लहानसा कॉम्प्युटर असतो. पाण्यात किती क्लोरीन सोडायचं ते तो ठरवतो. मी सगळं तुमच्या दोन चौकोनांप्रमाणे मांडलं होतं. ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता, रिपोर्ट पाठवायची वेळ, बिघाड झाला तर कुणाला फोन लावायचा, हे सामाईक. टाकी केवढी आणि क्लोरीन किती, हे ज्या त्या पेटीत. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

मग नवे साहेब आले. त्यांना प्रत्येक पेटीत वेगळी फाइल दिसली आणि ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर हसले. "इतका पसारा? एकच फाइल ठेवा, सगळ्या मशिनी तीच वाचतील. युनिफॉर्म!"

मी म्हणाले, "साहेब, टाक्या युनिफॉर्म नाहीत."

"फाइल सारखी असली की मेंटेनन्स सोपा जातो, मॅडम. जुन्या पद्धती सोडा आता."

त्यांच्या माणसानं ऑफिसात बसल्या बसल्या सगळ्या पेट्यांमधल्या वेगवेगळ्या फायली पुसल्या आणि डोणगावकडच्या एका मोठ्या टाकीची फाइल सामाईक जागेत ठेवून सगळ्यांना तिच्याशी जोडलं. जुन्याची प्रत ठेवली का, विचारलं तर म्हणाला, "कशाला?" संध्याकाळी केक आला. त्यावर क्रीमनं लिहिलं होतं, 'एक योजना, एक फाइल'. मी तो खाल्ला नाही, पण टाळ्यांच्या वेळी तिथंच उभी होते.

दोन दिवसांनी एका लहान गावच्या अंगणवाडीताईंचा फोन आला. "ताई, पाण्याले लई वास येऊन राह्यला. पोरं तोंडात घेतात अन् थुकून देतात. एकीच्या ओठाले फोड आले." मी जीप करून गेले. नळाखाली हात धरला तर डोळे चुरचुरले. गावाला पाणी सोडणारे कर्मचारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, साठीचा माणूस, टाकीपाशी हात जोडूनच उभे. "मी काहीच नाही केलं हो ताई. मले तर पेटीची चावी बी नाही देल्ली." पेटी उघडली. एवढीशी टाकी, आणि तिच्यात मोठ्या टाकीचं क्लोरीन चाललेलं. पुरवठा बंद करून टाकी उपसायला लावली, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की वास येणारी गावं ही बरी गावं. ज्या टाक्या डोणगावकडच्या त्या टाकीपेक्षाही मोठ्या, तिथं क्लोरीन कमी पडून पाणी कच्चंच जात असणार, आणि त्याला ना वास ना चव. तिथून कुणीच फोन करणार नव्हतं.

सगळ्यांत मोठ्या टाकीच्या गावी पोचले तर आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात जुलाबाचे पेशंट चटईवर निजलेले. एक बाई सासूला चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. मी विचारलं, "पाणी कुठलं घेतलं?" ती म्हणाली, "नळाचंच. दुसरं कोणतं आहे?" मॅडम, ती औषध म्हणून तेच पाणी पाजत होती. तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि आधी पाणी उकळायला लावलं. त्या सासूबाई वाचल्या, सगळेच वाचले. हे आधी सांगते, तुम्ही जीव टांगून वाचाल म्हणून.

मग मी गावोगाव फिरले. टाकीवर रंगवलेली क्षमता वाचायची, पाणी तपासायचं, फाइल नव्यानं लिहून ज्या त्या पेटीत ठेवायची. जेवणखाण सुचलं नाही. परत आले तेव्हा अहवाल टाइप होऊन तयार होता: 'स्थानिक कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे क्लोरीनची मात्रा चुकली.' त्या भाऊंचं नाव खाली. ज्यांच्याकडे चावीसुद्धा नव्हती.

"यावर मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, इमोशनल होऊ नका. कुणाचं तरी नाव लागतंच ना."

"मग तुमचं लावा."

ज्यांनी केक कापला होता ते सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. माझी सही मिळेना, तेव्हा शेवटी भाऊंचं नाव वगळलं आणि 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं गेलं, म्हणजे कुणीच काही केलं नाही. साहेबांना बढती मिळून ते मोठ्या योजनेवर गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, इथं त्यांनी शिस्त आणली. माझ्या तोंडाला खरंच पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तिथंही कुणीतरी एकच फाइल सगळ्यांना जोडत असेल, आणि तिथली बाई चमच्यानं पाजत असेल.

तुम्ही असत्या तर त्या मीटिंगमध्ये उठून घरच्या बोलीत बोलल्या असत्या. मी शुद्ध मराठीत बोलले आणि बसले. भाऊ अजून कामावर आहेत. पेटीची चावी आता त्यांच्याकडेही असते, तेवढं मी भांडून मिळवलं. प्रत्येक पेटीत तिची स्वतःची फाइल आहे, मी लिहिलेली, तपासलेली. पाणी चांगलं आहे. कागदावर आणि खरोखरही.

हे पत्र कुठं टाकायचं असतं मला माहीत नाही आणि टाकणारही नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. परवा त्या अंगणवाडीत गेले होते. ताईंनी मुलांच्या देखत तांब्या-पेला पुढं केला. "घ्या ताई, आता गोड आहे पाणी." मी म्हणाले, आत्ताच प्यायले. मग जीपमध्ये बसून, गाव मागं पडल्यावर, पिशवीतली घरून आणलेली बाटली काढली.