प्रोसेसरला लावलेलं कुंकू

२ नोव्हेंबर, रविवार
वैशालीनं नवा प्रोसेसर आणला. (हमीदा, यापुढे वै. लिही, शाई वाचेल.) सून माझी. न बांधलेल्या घरांची चित्रं करते कॉम्प्युटरवर, इथल्या, आखातातल्या एका ऑफिससाठी. एक चित्र तयार व्हायला लावलं की जुन्यावर अख्खी दुपार जाते. नव्यावर म्हणे चहा उकळेपर्यंत. आणला खरा, पण बसवेना. फायदा किती, त्याचाच हिशोब लागेना. सील न फोडता डबा कपाटावर ठेवलाय. नाही पटला तर दुकानात परत.
मी म्हटलं, "नवं जातं आणलंस, पण दळण तेवढंच ना?"
म्हणाली, "दळण वाढेल, आई."

ह. म्हणजे हमीदा, खालच्या मजल्यावरची, मूळची रत्नागिरीची. मी सांगते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही. जोडी बरी जमलीय.

४ नोव्हें., मंगळ.
महेशचा रास लफानच्या गॅस प्लांटवरून फोन. लेकाची शिफ्ट, चार दिवस तिकडेच. जुना काय वाईट चाललाय, परत देऊन टाक, खलास, असं बायकोला म्हणाला. ती त्याच्यावर नाही, व्हिडिओवर विश्वास ठेवणारी. त्यात दोन पोरं तासभर भांडतात. एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो थांबा, पुढच्या वर्षी याहून भारी येणार. मी म्हटलं, आमच्याकडे मुलीला स्थळं बघताना असंच चालायचं, आणि थांबणाऱ्यांच्या मुली तशाच राहायच्या. वै. हसली. मग कपाटावरचा डबा खाली घेऊन बघायला लागली. मी उगाच बोलले. मला नको असताना तिचं मन मीच वळवलं की काय.

६ नोव्हें., गुरु.
ठरलं. ठेवणार. सील फोडलं. बिस्किटाएवढा आहे. वरून अक्षरं, पाठीवर बारीक सोनेरी ठिपके, शेकड्यांनी. वै. म्हणाली, "आई, ह्या ठिपक्यांना बोटसुद्धा नको. काही लागलं तर सुरूच होणार नाही." नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू, ही घरची रीत. फ्रिजला झालं, गाडीला झालं. तिला माहीत आहे. म्हणून तीच म्हणाली, पूजा डब्याची करा.
केली.

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी वै.नं प्रोसेसर बसवायला काढला, तर पाठ लाल. ठिपक्यांत कुंकू, अक्षतेचा एक दाणाही चिकटलेला. दाणा नखानं हळूच उचलला तिनं. मग म्हणाली, "जाऊ दे, आई. तुम्ही श्रद्धेनं केलंत. तुम्हाला काय कळणार त्यातलं." महेशला फोनवर सांगितलं, आईंनी त्याची ओटी भरली. तो हसला. मीही हसले.

ह. पेन थांबवून बसलीय. "मावशी, खरं लिहू की बरं?"
खरं लिही. मला कळत होतं. काल ती भाजीला खाली गेली, तेव्हा डबा उघडला. देवाचं नाव घेतलं, हे खरं. पण कुंकू पातळ कालवलं होतं, हेही खरं. टिळ्याला एवढं पाणी कोण घालतं?

८ नोव्हें., शनि.
वै. कापसाला स्पिरिट लावून एकेक ठिपका पुसत होती. मला म्हणाली, बॅटरी धरा. धरली. मी नजर दुसरीकडे वळवली, तर मलाच धीर देते, "घाबरू नका, आई, काही होत नाही." चोराच्या हाती दिवा.
बसवला. सुरू झाला. उठून माझ्या देवांना हात जोडले तिनं. म्हणे तुमची पूजा लागू पडली.
संध्याकाळी दिवा लावताना देवांकडे बघितलं नाही.

१२ नोव्हें., बुध.
जुन्यावर चित्र लावलं की वै.ला दुपारभर दुसरं काम नसायचं. मग माझ्याजवळ येऊन बसायची. मेथी निवडायची. तिची आई तिला गणितावरून कशी मारायची, इथं आली तेव्हा महिनाभर बाथरूममध्ये जाऊन कशी रडायची, हे सगळं त्या दुपारींत कळलं मला. लग्नानंतर इतकी वर्षं एका घरात राहून नव्हतं कळलं. महेशला अजून माहीत नाही. एवढ्यासाठी मी तिच्या पोटावर पाय... म्हणजे कामावर पाणी ओतायला निघाले. लिही तसंच.
आता चित्र लगेच होतं. ऑफिसनं काम वाढवलं. मेथी मी एकटी निवडते, देठं जास्त राहतात.
ह. म्हणते, आधी तिला सांगा, मगच पुढचं लिहीन. रत्नागिरीची माणसं फार हट्टी.

१६ नोव्हें., रवि.
ह.ला म्हटलं, लिही, सांगायला आज सुरुवात तरी झाली.
वै.नंच दुपारी विचारलं, "आई, खरं सांगा, घेतला ते बरं केलं ना? मलाच अजून कळत नाही. कामं पटापट होतात, पण माझा दिवस कुठं जातो?"
मी म्हटलं, "बस जरा. तुझ्याशी बोलायचंय."
"एवढं एक झालं की बसते."
झालंसुद्धा. तिनं दुसरं लावलं.
मग मीच स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. पडद्यावर कुणाचं तरी घर उजळत होतं, खिडक्या, पडदे, सगळं. "बोला ना," म्हणाली, नजर तिकडेच. म्हटलं, वैशाली, ते कुंकू. म्हणाली, अहो, ते कधीच विसरले मी.
"तू विसरलीस, मी नाही. आधी माझ्याकडे बघ."
बघितलं तिनं.