गाडी फलाट दोनवर

४ मार्च
ह्यांना झटका येऊन दोन महिने झाले. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, बोलणं अडकतंय. एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारा माणूस, घरात पाणी मागायला हाताने खूण करतो. वीस तारखेला साहेब टेस्ट घेणार. जमलं तर माईक, नाहीतर कायमचं घरी. मी त्याआधी ह्यांना बोलतं करणारच. शाळा चौथीपर्यंतच, पण बोलण्यात अजून कुणाला हरले नाही.

६ मार्च
दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, आ, ई जमतात, प, त जमतात, गाडं अडतं य आणि व ला. तिथे जीभ कुठे टेकत नाही, स्वरावरून नुसती घसरत पुढे जाते, ई वरून य, उ वरून व, आणि ह्यांची तिथेच बिचकते. मला म्हणाल्या, ते अडकले की मनात दहा मोजा, मध्ये बोलू नका.
दहा? तेवढ्यात माझी दोन पातेली घासून होतात.

९ मार्च
सराव. एकच वाक्य: गाडी फलाट दोनवर येत आहे. 'दोन'पर्यंत आले, अडकले. मी तीन मोजले आणि पुढचं सांगून टाकलं. मदत नको करायला?
शेजारीण आली, ह्यांना विचारलं, कसं वाटतं. बरं वाटतं, मी म्हटलं. तर म्हणते, "वहिनी, मी भाऊजींना विचारलं." पहिल्यापासूनच खोचक.

१४ मार्च
आजपासून दहा म्हणजे दहा.
संध्याकाळी - दहाऐवजी पाचच मोजून झाले. भरभर मोजले, पण 'दोनवर' सुटलं. माझाच गुण. आता 'येत' तेवढं राहिलं.

१९ मार्च
शर्टाला इस्त्री केली. उद्या मी बाहेर बसणार. तोंड उघडणार नाही.

२० मार्च
बाहेर बाकडं नव्हतं, म्हणून आत गेले. साहेबांनी माईक पुढे सरकवला. 'गाडी फलाट दोनवर' एका दमात. अंगावर काटा आला. मग ई... ई... साहेबांनी घड्याळ बघितलं. मी मोजत होते. चार झाले आणि 'येत आहे' माझ्याच तोंडून गेलं. माईक चालू. लोक पिशव्या उचलून फलाट दोनकडे पळाले. साहेब हसले, कागदावर काहीतरी लिहिलं. हसले म्हणजे काम झालं.

२३ मार्च
कागद आला. कायमचं घरी. साहेबांना माणसाची पारखच नाही.

संध्याकाळ
हे खिडकीपाशी बसलेले. मी भांडी पुसत होते. ई सुरू झाली, लांबली. मी काही बोलले नाही, म्हणायचंय काय तेच कळेना.
मग म्हणाले, "येत होतं."
य अगदी स्वच्छ. किती झाले होते, मोजायचं राहिलं.